वाचनालयातल्या लेझीम

आमच्या शाळेचं वाचनालय म्हणजे शेवटच्या वर्गाला लागून असलेली एक लांबट खोली. तीन कपाटं, एक टेबल, दोन बाकं आणि खिडकीखाली रचलेले जुने पेपर. समोरच्या भिंतीवर, जिथे खरं तर थोरांच्या तसबिरी असायच्या, तिथे खिळ्यांना लेझीम टांगलेल्या आहेत. शाळेत कुलूप लागणारी दुसरी खोली नव्हती म्हणून त्या इथे आल्या. बाहेरचा रस्ता जिंतूरहून येलदरीकडे जातो. त्यावरून उसाचा ट्रक गेला की भिंत जराशी हलते आणि सगळ्या लेझीम मिळून बारीक वाजतात. मी मराठी शिकवतो आणि वाचनालय सांभाळतो. नोकरीतली बरीच वर्षं मी या आवाजात वाचत बसलेलो आहे.

लेझीम माझ्या बायकोच्या. म्हणजे शाळेच्याच, पण सगळे त्यांना मॅडमच्या लेझीम म्हणत. ती याच शाळेत होती. हिंदी शिकवायची आणि खेळाचा तास घ्यायची. गेल्या भाद्रपदात ती गेली. ताप आला, जिंतूरला दाखवलं, तिथून परभणीला नेलं, आणि मग परत आणलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही. लिहिण्यासारखं जास्त काही घडलंही नाही.

पुस्तकांत मी दुःखाविषयी पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काहीच मला झालं नाही. भूक लागायची. झोप यायची. लोक भेटायला यायचे, त्यांना मी बसा म्हणायचो आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचो. डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त एक बारीकशी गोष्ट झाली. सकाळी तोंड धुताना पाणी गार आहे की कोमट, हे मला कळेनासं झालं. चहा ओठाला लावला तरी तो किती गरम आहे याचा अंदाज येईना. जीभ भाजली की कळायचं. डॉक्टरांना सांगण्याइतकं ते काही नव्हतं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

तेराव्यानंतर माझा मेहुणा दुखवट्याचं कापड घेऊन आला. शर्टपीस, टॉवेल, टोपी. माझी थोरली बहीण ताडकळसहून येऊन राहिली होती. जायच्या आधी तिने मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं.

“वरीसभर सण न्हाई. गोडधोड न्हाई, तळण न्हाई. आन् कुनाच्या बी दारात आपनहून जाऊ नगंस. कुनी तरी बोलावंल, तुझं तोंड गोड करंल, मंग दुखवटा निघंल. कळलं का?”

“कळलं.”

“काय कळलं? पुस्तक वाचल्यावानी मान हालवू नगंस.”

“कुणी बोलवेपर्यंत जायचं नाही.”

“हां. आन् दूध उतू घालू नगंस. ग्यासपाशी पुस्तक घेऊन उभा ऱ्हातूस.”

ती गेली. मला कुणी बोलावलं नाही. त्यात कुणाचा दोष नव्हता. मी कधी कुणाकडे फारसा जात नसे. जाणं-येणं, लग्न-बारसं हे सगळं बायको सांभाळायची आणि मी तिच्या मागे जाऊन कोपऱ्यातली खुर्ची धरायचो. तीच नाही म्हटल्यावर मला बोलवायचं कुणाला सुचावं? तेव्हा दुखवटा तसाच राहिला. मी शाळेत जात होतो, तास घेत होतो, उरलेला वेळ वाचनालयात बसत होतो.

लेझीम कशी सुरू झाली ते सांगितलं पाहिजे. येलदरीकडच्या छोट्या गावांतून पुष्कळ मुली आमच्याकडे येतात. शाळा सुटते आणि संध्याकाळची एसटी येते, यात चांगला तासाभराचा खंड आहे. त्या वेळात मुली फाट्यावर, पानटपरीच्या शेजारी, दप्तरं पोटाशी धरून उभ्या असायच्या. टपरीवर टवाळ पोरं मोटारसायकली लावून बसायची. एकदोन आयांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली. एका बापाने तर मुलीची शाळाच सोडवली. हेडमास्तरांनी मुलींना वर्गात बसून अभ्यास करायला सांगितलं, पण दिवसभर बाकावर बसलेल्या मुली आणखी किती बसणार? त्या हळूच निघून फाट्यावर जायच्या.

माझ्या बायकोने कुणालाच काही सांगितलं नाही. ती एक दिवस मुलींना मैदानावर घेऊन गेली. जुन्या लेझीम कुठल्याशा कोठीत गंजून पडल्या होत्या, त्या तिने रॉकेल लावून पुसून घेतल्या. हलगी मात्र तिने स्वतः आणली आणि स्वतःच गळ्यात अडकवली. बाईमाणसाने हलगी वाजवायची यावर गावात थोडी कुजबुज झाली. ती वाजवतच राहिली, मग लोक कंटाळले.

हलगी वाजवण्याआधी तिचं कातडं विस्तवावर शेकावं लागतं, त्याशिवाय ती खणखणत नाही. विस्तवाला कागद हवा. म्हणून शाळा सुटली की ती वाचनालयाच्या दारात उभी राहायची.

“अहो ग्रंथपाल, पेपर द्या.”

“परवाचा घे. कालचा माझा वाचायचा राहिलाय.”

“कालच्या बातम्या आज वाचून काय करायलाव? माझी हलगी गार पडलीय.”

“अग्रलेखाचं पान तरी ठेव.”

“अग्रलेखच चांगला पेटतो,” ती म्हणायची आणि गठ्ठ्यातला मधलाच एखादा पेपर ओढून न्यायची.

हे रोजचं होतं. मी पेपर तारखेप्रमाणे लावून ठेवायचो आणि ती मधलेच ओढायची. खिडकीतून मला कडुनिंबाखाली धूर दिसायचा, मग हलगीचा पहिला ठोका यायचा, मग तिची शिट्टी. “हुशार! आरंभ!” आणि मग एकदम सगळ्या लेझीम.

दहावीच्या मुलांना मी दरवर्षी एक निबंध सांगतो. ‘सहशालेय उपक्रमांचे फायदे.’ त्यात शरीर, मन आणि बुद्धी यांचा सर्वांगीण विकास येतो, संघभावना येते, नेतृत्वगुण येतात. मुलं तो पाठ करतात आणि मी त्याला चांगले गुण देतो. निबंधात चुकीचं काही नाही. पण खिडकीत बसून मला जे दिसत होतं ते या शब्दांत बसत नव्हतं. लेझीम खेळणाऱ्या मुली वर्गात धडा वेगळा वाचतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. आधी त्या एका श्वासात, कुठेतरी लवकर पोचायचं असल्यासारख्या वाचायच्या. लेझीममध्ये हलगीचा पुढचा आवाज येईपर्यंत थांबावं लागतं, आणि शेजारच्या मुलीसाठीही थांबावं लागतं. त्या पूर्णविरामाला थांबू लागल्या. थांबल्यावर मान वर करून वर्गाकडे बघू लागल्या. मराठीच्या मास्तराला याहून मोठा फायदा कोणता दिसणार?

आणखी एक झालं. सराव संपून गाडी यायच्या आधी पाच-दहा मिनिटं उरायची. घामेजलेल्या मुली लेझीम टांगायला वाचनालयात यायच्या आणि पंख्याखाली रेंगाळायच्या. रेंगाळता रेंगाळता कपाटाच्या काचेला नाक लावायच्या. आमच्या वाचनालयातली सगळ्यात जास्त पुस्तकं लेझीमवाल्या मुलींनी नेली आहेत. बायको म्हणायची, “बघा, तुमचं गिऱ्हाईक मी आणते.”

त्या मुलींत एक नववीची होती. येलदरीच्या वाटेवरच्या एका फाट्यापासून आत असलेल्या गावची. आठवीत आली तेव्हा हजेरीला तिचा ‘हजर सर’ ऐकूच यायचा नाही, शेजारची मुलगी तिच्या वतीने सांगायची. लेझीममध्ये ती मागच्या रांगेत शेवटी उभी राहायची. एकदा बायकोने सहज तिच्या हातात हलगी दिली आणि स्वतः रांगा नीट करायला गेली. मुलीने ठोका धरला आणि तो सोडलाच नाही. त्या दिवसापासून बायको शिट्टी वाजवायची आणि हलगी ती मुलगी. हजेरीला तिचा आवाज आता शेजारच्या वर्गातही जायचा. मी एकदा म्हणालो, “अगं, मी बहिरा नाही.” सगळा वर्ग हसला आणि तीही हसली.

बायको गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हेडमास्तरांनी मला बोलावलं. वार्षिक हस्तलिखित काढायचं होतं. ते फार हळू आवाजात बोलत होते. आजारी माणसाशी बोलावं तसे सगळेच माझ्याशी बोलायचे.

“सर, मॅडमच्या स्मरणार्थ एक लेख हवा. तुम्हीच लिहा. मॅडमवर लिहवणार नसेल तर सहशालेय उपक्रमांचे फायदे यावर लिहा. त्यात सगळं येतंच.”

मी बरं म्हणालो. दुपारी वाचनालयात बसून कागदावर ‘सर्वांगीण विकास’ असे दोन शब्द लिहिले. पुढचा शब्द सुचेना म्हणून बसून राहिलो. बाहेरून उसाचा ट्रक गेला. टेबलावरचा पेन घरंगळला. कपाटाच्या काचा वाजल्या.

लेझीम वाजल्या नाहीत.

मी वर बघितलं. प्रत्येक लेझमीच्या चकत्या चिंध्यांनी घट्ट बांधलेल्या होत्या. जुन्या साडीच्या चिंध्या, सगळ्यांना सारख्या गाठी मारलेल्या. कधीपासून होत्या कुणास ठाऊक. मी त्यांच्यासमोर रोज बसत होतो.

शिपाई मामा बाहेर घंटेपाशी बसले होते. त्यांना आत बोलावलं.

“मामा, ह्या कुणी बांधल्या?”

“म्या,” ते म्हणाले आणि टोपी काढून हातात घेतली.

“का?”

“तुमी दिवसभर हितंच बसता. गाडी गेली की ह्या वाजायच्या. मलाच ऐकवंना, मंग तुमाला कसं ऐकवावं? घरून जुनं लुगडं आनलं आन् बांधून टाकल्या.”

“आणि मुलींना लागतात तेव्हा सोडता का?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. “लेझीम बंद हाय न्हवं का सर. मॅडम गेल्यापस्नं. वरीसभर बंद. तुमाला म्हाईत न्हाई?”

मला माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावर मैदानावर सामसूम असते हे मला कळत होतं. पण मला वाटलं होतं, ती नाही म्हणून आवाज नाही. त्याला आणखी काही कारण असेल असं वाटलंच नाही.

हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी उठून मला खुर्ची दिली.

“अहो सर, शाळा म्हणजे एक घरच. घरचं माणूस गेलंय. घरात दुखवटा असताना अंगणात हलगी वाजवायची? सगळ्या स्टाफने मिळून ठरवलं. गावालाही ते पटलं. लोक म्हणाले, माणुसकी आहे.”

“मी काही म्हणालो नव्हतो.”

“तुम्ही म्हणायची वाट बघायची असते का?”

त्यांचं बोलणं खरं होतं. त्यात मायाही होती. मी म्हणालो, “मग मुली आता त्या वेळात काय करतात?”

“अभ्यास करतात की. वर्गात बसतात.” असं म्हणून ते खिडकीकडे बघू लागले.

शाळा सुटल्यावर मी वर्गात जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. फाट्यावर गेलो. टपरीपासून थोड्या लांब तीन मुली दप्तरावर बसून होत्या. मला बघून उठल्या.

“बाकीच्या कुठं आहेत?”

“गेल्या सर. काळीपिवळी जीपनं. आमची आज हुकली.”

“शेवटच्या तासाला तरी होत्या का?”

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हणाली, “काळीपिवळी लौकर असती सर. लेझीम न्हाई तर कशाला थांबावं मनतेत घरचे. शेवटचा तास बुडवावा लागतो.”

“आणि हलगीवाली?”

“ती येतच न्हाई. दिवाळीपसून.”

नववीवर मी रोज जात होतो. दुसऱ्या बाकावरची तिची जागा मोकळी आहे हे मला माहीत होतं, पण भिंतीचा रंग माहीत असावा तसं.

“का येत नाही?”

“तिच्या गावाला काळीपिवळी जात न्हाई. संध्याकाळच्या गाडीला ती एकटीच उरायलीती फाट्यावर. तिच्या बापानं मनलं, एकटी पोरगी कशी ठिवू तिथं. आता कापूस वेचायलीय.”

“आन् तिच्या मावशीनं पोरगं बघितलंय मनं,” दुसरी म्हणाली. “ट्रॅक्टरवालं हाय.”

“तुला कुनी सांगितलं गं? ट्रॅक्टर त्याच्या चुलत्याचा हाय.”

“मंग काय झालं, बसतो तर तोच.”

“गप. सर हायत.”

 मी उभाच राहिलो. मग पहिली म्हणाली, “सर, तुमी मनला तर लेझीम होईल. हेडमास्तर मनतेत, सरांनाच वाटलं पायजे.”

“हलगी तुमच्यातली कुणी वाजवेल?”

“हिला देऊन बघा,” ती तिसऱ्या मुलीकडे बोट करून म्हणाली, “म्हशी उधळतेत.”

मला हसू आलं नाही, पण त्या दोघी हसल्या आणि तिसरीने मारायला दप्तर उचललं. तेवढ्यात गाडी आली.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सांगितलं, लेझीम सुरू करा. त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला.

“माझी ना नाही सर. पण तुमचा दुखवटा अजून निघालेला नाही. उद्या मुलींचे आईबाप मला विचारतील की मास्तराच्या घरात दुःख आहे आणि तुम्ही आमच्या पोरी नाचवता? आधी दुखवटा निघू द्या. मग मी एक शब्द बोलणार नाही.”

म्हणजे मला कुणीतरी बोलवायला पाहिजे होतं आणि माझं तोंड गोड करायला पाहिजे होतं. हेडमास्तर स्वतः बोलावू शकत नव्हते, त्यांच्या घरी लेकीचं लग्न धरलेलं होतं. बाकी कुणाला मी ‘मला बोलवा’ असं कसं सांगणार? संक्रांत होऊन गेली होती. आणखी थांबलो असतो तर ती मुलगी नावापुरतीही पटावर राहिली नसती. नववीतून गळालेली मुलगी परत येत नाही. हे मला इतक्या वर्षांत पुरतं माहीत झालं आहे.

रविवारी मी एसटीने निघालो. बहिणीने सांगितलं होतं, आपणहून कुणाच्या दारात जाऊ नको. शेताला दार नसतं असं मी मनाशी म्हणालो, पण तेही फार जोर लावून नाही. तिच्या गावच्या फाट्यावर उतरून पांदीच्या वाटेने आत गेलो. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. झाडं वाळून काळी पडली होती आणि मधूनमधून कापूस लोंबत होता. मुलगी मला लांबूनच दिसली. कमरेला फडक्याची ओटी बांधून ती ओळीतून पुढे येत होती. मला बघून ती जागीच थांबली आणि तिने ओटी मागे लपवली. कशाला लपवली कोण जाणे.

तिचा बाप बांधावरच्या बोरीखाली गाठोडं बांधत होता, आई शेजारी कापूस निवडत होती. तो लगबगीने उठला.

“या सर, या. अशे उनाचे कामून आलाव? बसा. ए, पानी आन सरांना.”

मी बसलो. पाणी प्यालो. काय बोलायचं ते एसटीत ठरवलेलं होतं, पण ते आठवेना. त्यानेच सुरुवात केली.

“मॅडमचं लय वंगाळ झालं. लय जीव होता पोरींवर.”

“हो.”

“ही तर चार दिवस जेवली न्हाई.”

मुलगी आईच्या मागे उभी होती. मी तिच्याकडे बघून म्हणालो, “शाळेत कधी येतेस?”

तिने बापाकडे बघितलं. बाप बोलला. “सर, मी शाळंच्या इरोधात न्हाई. लेझीम होती तवा सगळ्या पोरी मिळून त्या गाडीनं यायच्या. मला घोर नव्हता. मॅडमनं गाडीत बशिवल्या की मी इकडं निवांत. आता एकटी पोरगी टपरीपाशी तासभर कुनाच्या भरवशावर ठिवू? तुमीच सांगा.”

“लेझीम परत सुरू करायची आहे,” मी म्हणालो. “पण हलगी हिलाच येते.”

“सुरू कशी व्हईल? तुमच्या घरी दुखवटा हाय.” तो चकित झाला होता. “तुमचं दुःख, आन् माझी पोरगी हलगी बडविते? लोक मला काय मनतील? न्हाई सर. तुमी साधे हाव, तुमाला कळत न्हाई ह्यातलं.”

 मी त्याच्या चपलांकडे बघत बसलो. वर बोरीत पक्षी बोलत होते. तेव्हा मुलीची आई पहिल्यांदा बोलली. ती माझ्याशी बोलली नाही, नवऱ्याशी बोलली.

“आवो, सर दुःखातून पैल्यांदाच कुनाकडं आलेत का इचारा.”

त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

“मंग तोंड गोड केल्याबिगर कसं जाऊ द्यावं?” ती म्हणाली. तिने भाकरीचं फडकं सोडून बघितलं. त्यात चटणी होती आणि कांदा होता. ती इकडेतिकडे बघायला लागली. मग तिने बोरीची खालची फांदी ओढली, एक पिकलेलं बोर तोडलं, पदराला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

“बोरानं दुखवटा निघत असतो का गं?” नवरा म्हणाला.

“कामून? बोर गोड नसतं का?”

“पेढा लागतो. न्हाई तर साखर तरी. घरला चला सर, साखर देतो.”

“घरला जाईपस्तोर सरांची गाडी जाईल. गोड ते गोड. देवाला चालतं, तुमाला चालंना.”

“देवाचं येगळं.”

“आता आपल्या दारात आलेलं मानूस तसंच पाठवाव का? बोला.”

“ह्ये शेत हाय, दार न्हाई.”

“शेत दारापेक्षा मोठं असतं,” ती म्हणाली आणि बोर माझ्या हातावर ठेवलं. “खा सर.”

मी बोर तोंडात घातलं. तिघंही माझ्याकडे बघत होती. बाप डोळे बारीक करून, परीक्षेचा निकाल ऐकावा तसा.

“गोड हाय का?” त्याने विचारलं.

बोर आंबट होतं. चांगलंच आंबट. जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या गेल्या. गेल्या कित्येक महिन्यांत तोंडात घातलेल्या कशाचीही चव मला इतकी स्पष्ट लागली नव्हती. मुलगी आईच्या खांद्यावरून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. त्या झाडाची बोरं कशी असतात हे तिला माहीत असणारच.

“गोड आहे,” मी म्हणालो.

 बापाने डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला.

“मंग झालं. दुखवटा आमी काढला म्हना. कुनी इचारलं तर माझं नाव सांगा.” गाठोड्याकडे बघून तो म्हणाला, “पन उद्या न्हाई. एवढी येचनी उरकू द्या. बुधवारी पाठिवतो.”

“मावशीला काय सांगायचं?” मुलीने विचारलं. ते तिचं पहिलं बोलणं होतं, आणि ते बांधाच्या पलीकडेही ऐकू गेलं असेल.

“मावशीला मी बघतो. तू बोंबलू नको.”

बुधवारी दुपारी मी आणि मामांनी लेझीम खाली काढल्या. गाठी फार घट्ट होत्या. मामा दातांनी सोडवत होते आणि मध्येच डोळे पुसत होते. मी कात्री घेतली. सोडलेल्या चिंध्या मामांनी घडी करून खिशात ठेवल्या, आपल्या बायकोचं लुगडं आहे, तिची वस्तू घरी परत न्यावी लागते म्हणाले.

शाळा सुटली. मी टेबलाशी बसलो होतो. दारात कुणीतरी उभं राहिलं. मी मान वर केली नाही, कारण त्या वेळी त्या दारात जी उभी राहायची तिचीच सवय माझ्या मानेला होती.

“सर, पेपर पायजे होता.”

ती मुलगी होती. गळ्यात हलगी. हलगी तिच्या मानाने अजूनही मोठी दिसते.

मी गठ्ठ्याकडे गेलो. पेपर तारखेप्रमाणे लावलेले होते. भाद्रपदापासून त्यातला एकही मधून ओढलेला नव्हता, सगळे सरळ, कडेला कड लागलेले. मी वरचा घेतला. तो कालचा होता, माझा वाचायचा राहिला होता.

“हा घे.”

“ह्यो कालचा हाय सर. मॅडम मनायच्या, कालचा सरांना लागतो.”

“घे. अग्रलेख चांगला पेटतो.”

ती हसली नाही. तिने पेपर घेतला आणि गेली. कडुनिंबाखाली धूर निघाला. ठोका पडला. मैदानावर फार थोड्या मुली होत्या, काळीपिवळीने जाणाऱ्यांपैकी काहीच थांबल्या होत्या. शिट्टी कुणाकडे नव्हती. ती बायकोबरोबर कुठे गेली मला माहीत नाही. मी बाहेर जाऊन तोंडाने म्हणालो, “हुशार.” तो आवाज वर्गात धडा सुरू करतानाचा होता. मुलींनी माना वळवून बघितलं. “सर, मोठ्यानं,” कुणीतरी म्हणालं. मी मोठ्याने म्हणालो. मग ‘आरंभ’ म्हणालो, ते ठोक्याच्या आधीच पडलं आणि सगळी रांग विस्कटली. मुली हसून हसून वाकल्या. हलगीवाली थांबली, तिने माझ्याकडे बघितलं आणि काठीने मला खूण केली, कधी म्हणायचं ते. पुढच्या वेळी जमलं.

मी तिथेच उभा राहिलो. लेझीम वाजत होत्या. मला काही झालं नाही. मला वाटलं होतं की तो आवाज ऐकला की काहीतरी फुटेल, आणि त्याची मला थोडी भीती होती. काही फुटलं नाही. ऊन उतरत होतं. मुली थांबत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या, पुढच्या आवाजाला एकदम खाली बसत होत्या.

फाट्यावरून गाडीचा हॉर्न आला. मुली धावल्या. “सर, तुमीच ठिवा, गाडी जाईल!” असं म्हणत प्रत्येकीने आपली लेझीम माझ्या हातांवर टाकली. हलगीवाली शेवटी गेली. ती इतरांबरोबर गाडीत चढेपर्यंत मी फाट्याकडे बघत होतो.

मग लेझीम घेऊन मी वाचनालयात आलो आणि एकेक खिळ्याला लावू लागलो. दांडे कोमट होते. मुलींच्या हातांनी तापलेले, थोडे ओलसर. मला ते कळत होतं. हातातली एक दुसरीपेक्षा जरा गरम होती, तेही कळत होतं.

शेवटची लेझीम मी लगेच टांगली नाही. खुर्चीत बसलो आणि दांडा गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली.